इन्क्युबेटरमध्ये राणीघरं पुन्हा पुन्हा मरतात? फेकण्याआधी उघडून बघा

लागोपाठ तीन बॅच माझ्या इन्क्युबेटरमध्ये एकाच तऱ्हेने बिघडल्या. पंचवीस-तीस बंद राणीघरं, म्हणजे मधमाश्यांची राणी ज्यात वाढते ती मेणाने बंद झालेली घरं, आत जायची. त्यातून सात-आठ राण्या चुरगळलेल्या पंखांच्या निघायच्या, दोन-तीन घरं उघडायचीच नाहीत, आणि उरलेल्या राण्या मात्र ठणठणीत असायच्या. पडद्यावर सगळा वेळ ३४.५ अंश. पहिल्या दोन वेळी मी मेलेली घरं टाकून दिली, तापमान अर्ध्या अंशाने खाली-वर केलं आणि पुढच्या बॅचला लागलो. काहीही बदललं नाही.

तिसऱ्या वेळी प्रत्येक घर पट्टीवर (घरं जिला टांगलेली असतात ती लाकडी पट्टी) कुठे होतं ते आधी लिहून ठेवलं आणि मेलेली घरं बारीक कात्रीने उघडली. अर्ध्या तासात जे कळलं ते दोन महिन्यांच्या सेटिंग बदलण्यातून कळलं नव्हतं. खराब झालेली जवळजवळ सगळी घरं मागच्या रांगेतली होती, हीटरच्या बाजूची.

तेव्हापासून कुणीही मला इन्क्युबेटरची तक्रार सांगितली की मी दोनच गोष्टी विचारतो. मेलेली राणी कोणत्या वयाची होती? आणि तिचं घर नेमकं कुठे टांगलेलं होतं? या दोन उत्तरांवर बहुतेक वेळा कारण सापडतं. वेगवेगळ्या जागची घरं एकाच वयात मेली असतील तर त्या दिवशी काहीतरी घडलंय: धक्का बसला, वीज गेली, पंखा थांबला. वेगवेगळ्या वयाची घरं पण एकाच जागी मेली असतील तर त्या कोपऱ्यातलं तापमान चुकतंय. आणि जागा किंवा वय कशाचाच मेळ बसत नसेल तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. ग्राफ्टिंग (कोवळी अळी उचलून राणीघराच्या कपात ठेवणं), खाऊ घालणं किंवा रोग यांकडे वळायला हवं.

आधी दिवसांचा हिशोब पक्का करा

मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या राणीचं वेळापत्रक असं: अंडं तीन दिवसांचं, साधारण आठव्या दिवशी घर मेणाने बंद, सोळाव्या दिवशी राणी बाहेर. आपण ग्राफ्टिंगपासून मोजतो, म्हणून ग्राफ्टिंगचा दिवस शून्य धरा. अळी १२ ते २४ तासांची घेतली असेल तर पाचव्या दिवशी घरं बंद झालेली दिसतात, दहाव्या दिवशी ती पिकलेली असतात, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी राण्या बाहेर येतात. यापुढे मी जे दिवस लिहितोय ते सगळे ग्राफ्टिंगनंतरचे आहेत.

पट्टीवर पेन्सिलने तारीख लिहा, प्रत्येक कपाच्या बुडाशी क्रमांक लिहा. वहीत चारच रकाने पुरतात: ग्राफ्टिंग कधी, घर बंद कधी, इन्क्युबेटरमध्ये कधी, राणी बाहेर कधी. ही वही नसेल तर खाली लिहिलेल्यातलं अर्धं तुम्हाला वापरताच येणार नाही.

मेलेलं घर काय सांगतं

घर टोकाकडून नव्हे, बाजूने उभं कापा. राणीचं डोकं खाली टोकाकडे असतं आणि बूड वर जेलीकडे, म्हणजे माश्यांनी भरलेल्या खाऊकडे.

आत पांढरी, वळलेली अळी जेलीतच मेलेली असेल तर घर बंद होण्याच्या आसपासच ती गेली. याला इन्क्युबेटर जबाबदार नाही. दाई माश्या कमी पडल्या, मधेच खाऊ तुटला, किंवा पट्टी बराच वेळ बाहेर उघडी राहिली. इथे एक चूक फार जण करतात: घर पुरतं बंद व्हायच्या आधीच ते यंत्रात ठेवतात. उघड्या घरातल्या अळीला माश्या सतत भरवत असतात आणि यंत्र ते काम करू शकत नाही. टोकाशी सुईच्या अग्राएवढं भोक दिसत असेल तरी ते घर अजून वसाहतीतच राहू द्या.

अळी लांब होऊन उभी झालेली, पिवळट, कातडी जाड पिशवीसारखी, आणि घराची भिंत आतून तपकिरी-काळी पडलेली असेल, तर काळ्या राणीघराचा विषाणू मनात आणा. हा आजार नोसेमाच्या, म्हणजे माश्यांच्या पोटाच्या एका रोगाच्या, जोडीने येताना दिसतो. असं एखादं घर कधीतरी मिळतंच, पण बॅचमागून बॅच मिळायला लागली तर पोसणारी वसाहत बदला, तिथल्या माश्यांची नोसेमासाठी तपासणी करून घ्या आणि तापमानाशी खेळणं थांबवा. इन्क्युबेटरने हा प्रश्न सुटत नाही.

पांढराशुभ्र कोष, पाय-पंख आखलेले, पण डोळेही पांढरेच? राणी सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास गेली. हे सगळ्यात नाजूक दिवस. धक्का, घर आडवं होणं, किंवा तापमानाचा मोठा झटका, या तिन्हींपैकी एक शोधा.

डोळे गुलाबी-जांभळे झालेले आणि अंगावर रंग चढू लागलेला असेल तर मृत्यू आठव्या ते दहाव्या दिवसातला. या वयात धक्क्याचा दोष कमी आणि उष्णतेचा जास्त.

पूर्ण रंगलेली, केस आलेली, पंख नीट पसरलेले, तरी आतच मेलेली राणी म्हणजे ती बाहेर पडायच्या तयारीत होती आणि पडू शकली नाही. निघालेली राणी बाकीच्या घरांकडे जाऊ नये म्हणून घराभोवती घालतो तो पिंजरा आधी बघा. घराचं टोक पिंजऱ्याच्या तळाला किंवा राणीच्या खाऊसाठी ठेवलेल्या कँडीच्या गोळ्याला टेकलं असेल तर झाकण उघडायला जागाच उरत नाही. टोकाखाली बोटाच्या एका पेराएवढी मोकळी जागा हवी. पिंजरा ठीक असेल तर कोरड्या हवेचा संशय घ्या.

घर रिकामं असेल तरी भोक कुठे आहे ते बघा. टोक गोल कापून झाकण लोंबतंय म्हणजे राणी आपली आपण बाहेर आली. बाजूला भोक पाडलेलं असेल तर आधी बाहेर आलेल्या दुसऱ्या राणीने तिला मारलंय.

पडद्यावरचा आकडा आणि घरातलं तापमान

माझ्या मागच्या रांगेचं कोडं असं सुटलं. तापमान मोजणारा सेन्सर पुढे, दाराच्या फटीजवळ चिकटवलेला होता. तिथे बाहेरची गार हवा यायची, कंट्रोलर त्या जागेला ३४.५ ठेवायला धडपडायचा, आणि मागे हीटरसमोर तापमान ३६.५ च्या पुढे जायचं. यंत्र त्याच्या परीने खरं बोलत होतं, पण ते दाराजवळच्या हवेबद्दल बोलत होतं.

वसाहतीत पिलांच्या जागी माश्या तापमान साधारण ३३ ते ३६ अंशांत आणि बराचसा वेळ ३४-३५ च्या आसपास राखतात. बंद राणीघरांसाठी आपलं लक्ष्य ३४ ते ३५. मी ३४.५ वर ठेवतो आणि ३५ च्या वर मुद्दाम जात नाही. कारण चूक थंडीकडे झाली तर राणी उशिरा येते, पण उष्णतेकडे झाली तर ती मरते किंवा पंख बिघडून येते. थोडी गारठलेली बॅच सहसा वाचते, तापलेली बॅच सहसा वाचत नाही. मात्र बराच काळ ३२ च्या खाली राहिली तर गारठलेल्या कोषांचेही पंख बिघडतात, म्हणून 'थंड बरं' या समजुतीवरही निर्धास्त राहू नका.

खरं तापमान मोजायला घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अतिशय चांगला. तो साधारण ३२ ते ४२ अंशांसाठीच बनवलेला असतो, आणि आपल्याला हवा असलेला टप्पा नेमका त्यात येतो. औषधाची छोटी बाटली पाण्याने भरून झाकण घट्ट लावा आणि जिथे राणीघर टांगणार तिथेच दोन-तीन तास ठेवा. मग झाकण उघडून लगेच थर्मामीटरचं टोक पाण्यात बुडवा. झाकण लावायचंच, कारण उघड्या पाण्याचं बाष्पीभवन होतं आणि ते भोवतालच्या हवेपेक्षा गार राहतं. उघड्या वाटीतलं माप बघून तापमान वाढवलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांची घरं भाजली होती. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली अशा सहा बाटल्या एकदम ठेवून मोजलं तर यंत्राचा पूर्ण नकाशाच हातात येतो. जागांमधला फरक अर्ध्या अंशात असावा. एक अंशाच्या वर गेला तर त्या कोपऱ्यात घर टांगू नका, निदान दुरुस्ती होईपर्यंत तरी.

बाटलीतलं पाणी तापमानाची सरासरी दाखवतं, चढ-उतार दाखवत नाही. त्यासाठी किमान-कमाल लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर हवा, आणि त्याचा सेन्सर राणीघरांच्या उंचीवर टांगलेला हवा. रात्रीतून ३३ आणि ३७ दोन्ही नोंदले गेले असतील तर सरासरी ३४.५ असूनही उपयोग नाही. असा झोका बहुधा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे कंट्रोलरमधला चालू-बंद होण्याचा फरक मोठा ठेवलेला असतो. तो शक्य तितका कमी, ०.३ अंशाच्या आसपास आणा. दुसरं, छोट्या पेटीला फार मोठा हीटर लावलेला असतो. कंट्रोलरने वीज तोडली तरी तापलेला हीटर आणखी काही मिनिटं उष्णता सोडतच राहतो. हीटर लहान घ्या आणि पेटीच्या तळाशी पाण्याने भरलेल्या दोन-तीन बंद बाटल्या ठेवा. पाणी उष्णता साठवतं आणि झोके मऊ करतं. या बाटल्यांचा दुसरा मोठा फायदा वीज गेल्यावर होतो, त्याकडे पुढे येतो.

मी शेवटी काय केलं? सेन्सर दाराजवळून काढून पट्टीच्या मधोमध, राणीघरांच्या टोकांच्या उंचीवर टांगला. हीटरसमोर जाड पुठ्ठ्याचा आडोसा लावला, म्हणजे गरम झोत सरळ घरांवर न येता भिंतीला आपटून पसरेल. दाराला रबरी पट्टी चिकटवली. पुढच्या बॅचमध्ये मागची रांग आणि पुढची रांग सारखीच निघाली.

पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर साठते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या ताटात चांगला फरक पडतो. तिथे सगळी घरं एकाच उंचीवर टांगा आणि माप त्याच उंचीवर घ्या. दिव्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या घरगुती पेटीत दिव्यासमोरचं घर हवेपेक्षा जास्त तापतं, कारण दिवा त्याला थेट शेकतो. हवेचं तापमान मोजून हे कळत नाही. आडोसा लावाच.

कोंबडीच्या अंड्यांचं यंत्र वापरत असाल तर

बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि त्यात चूक काही नाही. फक्त दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बदलायच्या. असं यंत्र कारखान्यातून ३७.५ च्या आसपास लावून येतं. राणीघरांना ते मारक आहे. काही यंत्रं बंद करून चालू केली की आपोआप त्याच आकड्यावर परत जातात, त्यामुळे वीज येऊन-जाऊन झाल्यावर सेटिंग पुन्हा बघा. 'सगळी बॅच एकाच वेळी मेली, कारण कळत नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. दुसरी गोष्ट अंडी फिरवणाऱ्या यंत्रणेची. ती काढूनच टाका, नुसती बंद करू नका. राणीघर पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं, टोक खाली असंच राहायला हवं.

हवेतला ओलावा

थंडीच्या दिवसांत किंवा वातानुकूलित खोलीत ही तक्रार हमखास वाढते आणि लोक तापमानाला दोष देत बसतात. खोलीतली हवा २० अंशांची आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवल्यावर आर्द्रता उरते जेमतेम २१ टक्के. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची तहान वाढलेली असते. ती तहान मग घराच्या भिंतीतून, जेलीतून आणि कोषातून भागते.

आपल्याला ६० ते ७० टक्के आर्द्रता हवी. ५० च्या खाली गेली की राण्या अडकलेल्या, सुकलेल्या, पंख न उलगडलेल्या दिसायला लागतात. फार वाढवूनही चालत नाही. काचेवर पाण्याचे थेंब जमत असतील आणि घरांवर बुरशीची पांढरी लव दिसली तर पाणी कमी करा आणि हवेची भोकं थोडी उघडा.

ओलावा वाढवायचा तर पाण्याची खोली नाही, पृष्ठभाग वाढवा. उंच पेल्यापेक्षा पसरट ताट कितीतरी जास्त वाफ देतं, आणि त्यात उभा केलेला सुती कपडा त्याहूनही जास्त. पाणी भरताना कोमट भरा. गार पाण्याने पेटीचं तापमान खाली येतं, हीटर जोरात चालतो आणि मग वर उसळतो. कपड्यावर क्षारांचा पांढरा थर चढला की वाफ घटते, म्हणून प्रत्येक बॅचला कपडा धुवा किंवा बदला. पंख्याचा झोत थेट घरांवर नको. आकडा ६५ दाखवत असला तरी झोतातली घरं कोरडी पडतात.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्त मापक दहा-दहा टक्के चुकतात. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी सांगतोय. तसं त्याच्यावर लिहून ठेवा.

हलवण्याचा दिवस

एकदा माझी अख्खी बॅच पांढऱ्या डोळ्यांच्या कोषांवरच थांबली. वही उघडल्यावर कारण समोर आलं. सातव्या दिवशी पोसणाऱ्या वसाहतीतून पट्टी काढून गाडीने दुसरीकडे आणली होती. तापमान सांभाळलं होतं, रस्त्यातले खड्डे सांभाळता आले नव्हते.

बंद झाल्यानंतरही राणीची अळी काही काळ जेली खात असते. घर उलटं टांगलेलं, आणि ती वरच्या जेलीला चिकटून असते. या वेळी धक्का बसला तर ती खाली घसरते आणि पुन्हा वर चढू शकत नाही. त्यानंतर ती कात टाकून कोष होते तेव्हा तिचं अंग अगदी मऊ असतं, आणि पंख-पाय तिथेच दुखावतात. म्हणून हलवायचे दिवस दोनच: घरं नुकतीच बंद झाली तो पाचवा दिवस, नाहीतर थेट दहावा. सहावा ते नववा या काळात हात लावू नका, मग वसाहतीत असोत की यंत्रात.

पट्टीवरच्या माश्या झटकून पाडायची सवय असेल तर ती राणीघरांपुरती विसरा. मऊ ब्रशने किंवा पिसाने हळूच बाजूला करा. चौकट आडवी धरून आतलं निरखत बसू नका. वाहून नेताना घरं उभी राहतील असा फोमचा ठोकळा भोकं पाडून वापरा.

पाचव्याला हलवावं की दहाव्याला, यावर माझं मत असं आहे. पोसणारी वसाहत मजबूत असेल आणि तिची दुसऱ्या बॅचसाठी घाई नसेल तर घरं दहाव्यापर्यंत तिथेच राहू द्या. माश्यांइतकं तापमान आणि ओलावा कुठलंही यंत्र राखत नाही. इन्क्युबेटरचा खरा उपयोग आहे तो पुढची बॅच लावण्यासाठी वसाहत मोकळी करायला, घरांवर माश्यांनी पोळं बांधू नये म्हणून, आणि आधी निघालेल्या राणीने बाकीची घरं फाडू नयेत म्हणून. एका वेळी आठ-दहा राण्याच करायच्या असतील तर यंत्रासाठी एवढी मेहनत घेण्यापेक्षा वसाहत मजबूत करण्यात ती घाला.

राण्या लवकर किंवा उशिरा येतात

सगळी बॅच एकत्र अर्धा-एक दिवस लवकर आली तर तापमान जास्त होतं. सगळी उशिरा आली तर कमी. एक-दोनच राण्या लवकर आल्या आणि बाकीच्या वेळेवर, तर त्या अळ्या ग्राफ्टिंगच्या वेळीच मोठ्या होत्या. दीड-दोन दिवसांची अळी घेतली की राणी साधारण एक दिवस आधी येते, आणि शिवाय ती कमी प्रतीची निघते, कारण तेवढा काळ तिला कामकरीचा खाऊ मिळालेला असतो. उपाय यंत्रात नाही, ग्राफ्टिंगच्या टेबलावर आहे. जेलीत तरंगणारी, अंड्यापेक्षा जेमतेम मोठी, स्वल्पविरामासारखी किंचित वळलेली अळीच घ्या.

या एक-दोन लवकर येणाऱ्या राण्याच सगळ्यांत मोठं नुकसान करतात. म्हणून पिंजरे दहाव्याच्या सकाळीच, हळुवार हाताने घालून झालेच पाहिजेत. पिंजऱ्यात पिठीसाखर आणि मध मळून केलेला घट्ट कँडीचा मुगाएवढा गोळा ठेवा. मध आपल्याच निरोगी पेटीतला असावा. पातळ मधाचा थेंब नको, नवी राणी त्यात चिकटते.

एक गोष्ट नवीन लोकांना फसवते. वसाहतीत राणी निघायच्या आधी माश्या घराच्या टोकावरचं मेण खरवडून काढतात, टोक तपकिरी आणि खरखरीत दिसतं, आणि आपण त्यावरून ओळखतो की घर पिकलं. इन्क्युबेटरमध्ये माश्याच नसतात, त्यामुळे पाचव्या दिवशी हलवलेल्या घराचं टोक शेवटपर्यंत मेणाचंच राहतं. त्यावर विसंबू नका, दिवस मोजा. खात्री हवीच असेल तर दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत घरामागे छोटा दिवा धरा. जिवंत राणीची सावली किंचित हलते. दिवा तापणारा नको, आणि घर आडवं करायचं नाही.

वीज गेली तर

दार उघडू नका. पेटीवर घोंगडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवून. आतल्या पाण्याच्या बाटल्या बराच वेळ ऊब धरतात. वीज लांबली तर एक-दोन बाटल्यांत कोमट पाणी भरून ठेवा, पण घरांपासून दूर. घाबरून उकळतं पाणी आत ठेवणं हे वीज जाण्यापेक्षा जास्त घातक आहे. काही तासांची थंडी आठव्या दिवसानंतरची घरं बहुतेक वेळा सोसतात आणि राण्या थोड्या उशिरा येतात. वीज आल्यावर पहिला तासभर जवळ थांबा, कारण थंड पेटी तापवताना हीटर सगळ्यांत जास्त वेळ चालतो आणि तापमान वर उसळण्याची भीती तेव्हाच असते. वहीत वेळ लिहा. पुढे घरं उघडायची वेळ आली तर मेलेल्या कोषाचं वय या नोंदीशी जुळतं का ते बघता येतं.

राणी चांगली दिसते, पण पुढे टिकत नाही

हे यंत्राच्या माथी मारू नका. राणी निघाल्यावर रिकाम्या घराच्या बुडाशी बघा. तिथे वाळलेली जेली उरली असेल तर तिला पोटभर मिळालं होतं. बूड चाटूनपुसून कोरडं असेल तर पोसणारी वसाहत कमी पडली. पुढच्या वेळी तिच्यावर कमी घरं द्या आणि परागाची चौकट जवळ ठेवा. इन्क्युबेटर फार तर चांगली राणी बिघडू देत नाही. उपाशी वाढलेल्या राणीला तो चांगली करत नाही.

निघालेली राणी यंत्रात ताटकळत ठेवू नका. पंख, पाय, पोट बघून शक्य तितक्या लवकर तिला मीलन पेटीत, म्हणजे मीलन होईपर्यंत राणी ठेवायच्या छोट्या वसाहतीत, द्या. पाच-सहा दिवसांनी ती उडायला लागेल.

मुंग्यांचं एकच सांगतो: यंत्राचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. कँडीच्या वासावर मुंग्या एका रात्रीत येतात, आणि पिंजऱ्यातल्या राणीला पळायला जागा नसते.

अकराव्या दिवशी रात्री यंत्राचा पंखा क्षणभर बंद करून कान लावा. पहिली बाहेर आलेली राणी लांब, बारीक तुतारीसारखा आवाज काढते, आणि घरांत बसलेल्या राण्या तिला तुटक, घशातल्या आवाजाने उत्तर देतात. उत्तरं कुठल्या रांगेतून येतात ते ऐका. जी रांग सगळीच्या सगळी गप्प आहे, तिच्या जागी उद्या पाण्याची बाटली ठेवून तापमान मोजा. आणि पंखा लगेच चालू करायला विसरू नका.